"आठेच दुखस"

चार वर्षं माझी माय एकाच जागेवर बोट ठेवत होती. बेंबीपासून डावीकडे चार बोटं आणि तिथून खाली दोनेक बोटं. कुठे दुखतं असं कुणीही विचारलं की पदर बाजूला करायची, तर्जनी बरोबर तिथेच टेकवायची आणि म्हणायची, "आठेच दुखस," म्हणजे इथेच दुखतं. सगळं पोट दुखतं असं ती कधी म्हणाली नाही, कंबर म्हणाली नाही, छातीत जळजळ म्हणाली नाही. आठेच. आणि या चार वर्षांत आम्ही तिला जिथे जिथे नेलं तिथे सगळ्यांनी प्रश्न विचारले, कागद पाहिले, गोळ्या लिहून दिल्या, पण तिला उभं करून त्या बोटाच्या जागी आपला हात ठेवून कुणी पाहिलं नाही. म्हणून हे लिहितेय.

या जानेवारीत तिचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. हर्निया निघाला. पण आपल्याकडे हर्निया म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं, म्हणजे पुरुषांना जांघेत उतरतो तो किंवा बेंबीजवळ फुगा येतो तो, तसला नाही. याचं नाव स्पायजेलियन हर्निया. पोटाच्या भिंतीचे जेवढे हर्निया होतात त्यात हा शंभरात एखाद-दुसरा, आणि वाईट गोष्ट ही की तो बाहेरून बहुतेक वेळा दिसतच नाही. फुगवटा नाही, गाठ नाही, नुसतं दुखणं. मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे इथे जे सांगतेय ते आम्ही जे भोगलं आणि सर्जननी जे समजावलं ते, आणि मग मी रात्र-रात्र बसून जे वाचलं ते.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठाला. केळी आणि कापूस. मायनं दोन्ही केलं, शिवाय चार बाळंतपणं, दोन म्हशी, आणि नळ यायच्या आधीची पंधरा-वीस वर्षं डोक्यावरचं पाणी. ज्यांनी कापूस वेचलाय त्यांना माहीत आहे, कमरेला झोळी बांधतात ती पुढून पोटावर येते आणि भरत आली की तिचा काच नेमका बेंबीच्या खाली बसतो. दुखणं सुरू झालं ते वेचणीच्याच दिवसांत, त्यामुळे तिला स्वतःलाही पहिलं वर्षभर वाटलं की झोळीच्या गाठीचा काच लागलाय, दुसरं काही नाही. मग तिनं गाठ उजवीकडे बांधायला सुरुवात केली. दुखणं डावीकडेच राहिलं.

त्याची तऱ्हा अशी होती, आणि हे नीट वाचा कारण पुढे याच्यावरच सगळं उलगडलं, की सकाळी काही नसायचं. दिवसभर उभी राहिली, वाकली, भारा उचलला की चार-पाच वाजल्यानंतर दुखायला लागायचं, ओढल्यासारखं, कधी आत कुणी चिमटा धरल्यासारखं, आणि रात्री आडवी झाली की अर्ध्या-पाऊण तासात निघून जायचं. खोकला झाला की जास्त. शौचाला जोर लागला की जास्त. जेवणाशी त्याचा काही संबंध नव्हता, मिरचीची शेवभाजी खाल्ली तरी तेच आणि नुसती खिचडी खाल्ली तरी तेच.

गावात पहिलं निदान झालं ते बेंबी सरकली म्हणून. शेजारच्या आजींनी पोट चोळून दिलं, मग तांब्या लावला, म्हणजे पोटावर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालतात आणि तो चिकटून कातडी वर ओढतो ते. आजींनी मायेनंच केलं, त्यांना दोष नाही. पण आता सर्जननी सांगितल्यावर अंगावर काटा येतो की आत फटीत काही अडकलेलं असताना वरून जोरात चोळणं किती महागात पडलं असतं.

मग दवाखाने. पहिल्या ठिकाणी गॅस. ॲसिडिटीच्या गोळ्या, सकाळी उपाशीपोटी एक, सहा महिने. दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी, नॉर्मल. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले बारीक मुतखडा असेल, पडून गेला असेल, पाणी जास्त प्या. पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा नॉर्मल. चौथ्या ठिकाणी, नाव घेत नाही, तिथे पाच मिनिटांत सांगितलं की पिशवीला सूज आहे, वयही झालंय, पिशवी काढून टाका म्हणजे प्रश्नच मिटला. आबांनी तर ॲडव्हान्स भरायची तयारी केली होती. माय नाही म्हणाली. तिचं म्हणणं साधं होतं, पिशवी मध्ये असते, चार बाळंतपणं झाली आहेत, मला माहीत आहे पिशवी कुठे असते, आणि माझं बोट तिथे नाहीये. तिचा तो नकार मला आता आठवला की तिच्यापुढे मान झुकते. पिशवी गेली असती, पैसे गेले असते, आणि दुखणं तसंच राहिलं असतं.

आणि एक गोष्ट लपवणार नाही. तिसरी सोनोग्राफी पण नॉर्मल आली तेव्हा मला पण वाटलं होतं की हे मनाचं असेल. धाकटा भाऊ बाहेरगावी गेला तेव्हापासून ती गप्प-गप्प असायची, मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि फोनवर तिला म्हटलं, माय तू विचार कमी कर. ती काही बोलली नाही आधी. मग म्हणाली, "मी काय खोटं सांगस का वं?" हे वाक्य माझ्या कानात अजून आहे.

डिसेंबरमध्ये एका रात्री दादाचा फोन आला. संध्याकाळी तिनं सरकीची गोणी सरकवली आणि दुखायला लागलं, नेहमीसारखं आडवी झाल्यावर गेलं नाही, रात्री दोन वेळा उलटी झाली, घामानं भिजली, पहाटे चार-साडेचारला एकदम काहीतरी आत गेल्यासारखं वाटलं आणि दुखणं थांबलं. सकाळी ती उठून चहा करत होती! दादा म्हणाला, बरं वाटतंय तिला, बघू आता दोन-चार दिवस. मी म्हटलं दोन-चार दिवस नाही, आजच गाडी काढ आणि जळगावला आण.

ज्या सर्जनकडे गेलो ते तरुण होते, पस्तिशीचे असतील. त्यांनी फाईल घेतली पण उघडली नाही, बाजूला ठेवली. मायला म्हणाले, "मावशी, एका बोटानं दाखवा." तिनं दाखवलं. मग ते जे म्हणाले ते चार वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं, "आता उभ्या राहा." ती उभी राहिली. त्यांनी तिचं बोट होतं त्याच जागी आपली दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, खोका. ती खोकली. पुन्हा खोका. मग त्यांनी बोटं तशीच ठेवून डोळे मिटले, खरंच मिटले, आणि म्हणाले, जोर लावा, शौचाला लावतात तसा. पाच-सहा सेकंद कुणी काही बोललं नाही. मग मायला खाली झोपवलं, पाय सरळ ठेवून मान उचलायला सांगितली, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात, आणि त्याच बिंदूवर पुन्हा दाबलं. ती कळवळली. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही चार वर्षं बरोबर जागा दाखवताय."

माय रडली. मी पण.

त्यांनी लगेच सोनोग्राफीवाल्या मॅडमना फोन लावला आणि सांगितलं की आडवं झोपवून नको, उभं करून, खोकायला लावून, फक्त या एका जागेवर बघा. आधीच्या तिन्ही सोनोग्राफ्या सकाळी, उपाशीपोटी, आडवं झोपवून झाल्या होत्या. म्हणजे ज्या वेळी आणि ज्या स्थितीत तिला दुखतच नाही, आतलं सगळं जागेवर गेलेलं असतं, नेमकं तेव्हाच आम्ही पाहत होतो. रिपोर्ट नॉर्मल नाही येणार तर काय येणार. उभं करून पाहिल्यावर मॅडमना फट दिसली, आणि सिटी स्कॅनमध्ये, तिथे आडवंच असतं पण जोर लावून श्वास धरायला सांगतात, ती नीट मोजता आली. दोन सेंटिमीटरच्या आसपास. त्यातून पोटातली चरबी बाहेर डोकावत होती.

आता ही फट असते कुठे ते सांगते. सर्जननी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं, तो कागद मी जपून ठेवलाय. बेंबीच्या दोन्ही अंगांना वरून खाली उभे स्नायू असतात, जिममधली पोरं ज्यांचे सिक्स पॅक दाखवतात ते. आणि त्यांच्या बाजूला, कुशीकडे, स्नायूंचे तीन थर एकावर एक असतात. या थरांचं मांस जिथे संपून त्याचा पांढरा चिवट पडदा होतो आणि तो उभ्या स्नायूकडे जातो, तिथे बरगडीपासून खाली जांघेपर्यंत चंद्रकोरीसारखी एक रेघ असते, दोन्ही बाजूंना एक-एक. त्या रेघेच्या आणि उभ्या स्नायूच्या मधली पांढऱ्या पडद्याची पट्टी म्हणजे कमजोर जागा. बेंबीच्या खाली ती पट्टी सगळ्यात रुंद असते आणि तिथेच, साधारण सहा सेंटिमीटरच्या आडव्या पट्ट्यात, यातले बहुतेक हर्निया होतात. मायचं बोट त्या पट्ट्यात होतं.

आणि बाहेरून दिसत का नाही, तर तीन थरांपैकी आतले दोन फाटतात, सगळ्यात बाहेरचा तिसरा शाबूत राहतो. मायला हे समजेना तेव्हा मीच गोधडीचं उदाहरण दिलं. गोधडीचं आतलं जुनं लुगडं विरतं, त्याच्या भोकातून चिंध्या सरकतात आणि एका जागी गोळा होतात, पण वरचं कापड धड असतं, त्यामुळे वरून बघणाऱ्याला गोधडी चांगलीच दिसते, ज्याच्या अंगाखाली असते त्यालाच ते टोचतं. ती लगेच म्हणाली, हां, बरोबर, तसंच टोचस.

नावाबद्दल पण वाचलं. ॲड्रियान व्हॅन डेन स्पीगल म्हणून एक शरीररचनेचे अभ्यासक होते, जन्म १५७८ चा ब्रुसेल्सचा, शिकवायचे इटलीत पादुआला, १६२५ मध्ये गेले. त्यांनी ती चंद्रकोरीसारखी रेघ वर्णन केली, हर्निया नव्हे. त्या जागी हर्निया होतो हे नंतर १७६४ मध्ये क्लिंकोश नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं आणि नाव मात्र रेघवाल्याचं लागलं. म्हणजे अडीचशे वर्षांहून जास्त काळ ही गोष्ट पुस्तकात आहे. दुर्मिळ आहे हे मान्य, एखाद्या डॉक्टरला आयुष्यात दोन-चारच दिसत असतील हेही मान्य, पण पुस्तकात आहे.

डिसेंबरच्या त्या रात्री काय झालं असावं हेही त्यांनी सांगितलं आणि तिथे आबांचा चेहरा उतरला. या हर्नियाचं तोंड अरुंद असतं आणि कडा कडक, त्यामुळे आत गेलेलं आतडं अडकण्याचा धोका इतर कित्येक हर्नियांपेक्षा जास्त. अडकलं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते आतडं काही तासांत मरायला लागतं. त्या रात्री बहुतेक आतड्याची एक बाजू अडकली आणि पहाटे आपोआप सुटली. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. म्हणून वाट बघायची नाही, दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन करून घ्यायचं, आणि तोपर्यंत जर दुखणं आडवं होऊन जात नसेल, उलट्या होत असतील, पोट फुगलं, गॅस सरणं बंद झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, सकाळची एसटी बघायची नाही.

उघडं ऑपरेशन की दुर्बिणीचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. आबांचं म्हणणं होतं की पोट उघडून केलेलं काम पक्कं, दुर्बिणीनं काय दिसणार. ही भीती बऱ्याच घरांत असते. सर्जननी समजावलं ते मला पटलं. हा हर्निया बाहेरच्या थराखाली लपलेला असतो, बाहेरून चिरून गेलं तर तो शोधावा लागतो आणि पेशंट आडवा असताना कधी-कधी सापडायला अवघड जातं. दुर्बीण आतून बघते. आतून ती फट उघड्या खिडकीसारखी समोर दिसते, शिवाय दुसऱ्या बाजूला असंच काही आहे का तेही बघून होतं. दुर्बिणीतून या हर्नियाची दुरुस्ती १९९२ पासून होतेय, नवीन प्रयोग नाही. एक स्पेनमधला अभ्यास वाचला, २००२ मध्ये छापलेला, त्यात अर्ध्यांचं उघडं आणि अर्ध्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन करून तुलना केली होती, उघड्यावाल्यांना सरासरी पाच दिवस राहावं लागलं आणि दुर्बिणीवाल्यांना एक दिवस, त्रासही कमी. पण पेशंट किती तर सगळे मिळून बावीस. आजार इतका कमी दिसतो की अभ्यासाला पेशंटच मिळत नाहीत. दुर्बिणीसाठी पूर्ण भूल लागते, खर्च जास्त येतो, आणि आतडं सडलेलं निघालं तर पोट उघडावं लागू शकतं, हे पण त्यांनी न लपवता सांगितलं, तशी सही पण घेतली.

मायची काळजी वेगळीच होती. जाळी. ऑपरेशनमध्ये जाळी बसवतात हे कळल्यावर तिनं विचारलं कशाची असते, आणि मी सरळ सांगून टाकलं की पॉलीप्रॉपिलीनची, म्हणजे गोण्या ज्याच्या विणतात त्याच जातीचं प्लास्टिक. झालं. "गोणीनं प्लास्टिक मना पोटमा?" दोन दिवस ती ऑपरेशनला नाही म्हणत होती, आणि ती चूक माझी. शेवटी सर्जननीच जाळीचा एक तुकडा तिच्या हातात दिला. मऊ, पांढरी, मच्छरदाणीसारखी भोकं असलेली. त्यांनी सांगितलं की मावशी, नुसते टाके घातले तर ताण येऊन ते पुन्हा उसवू शकतात, जाळी ठेवली की तिच्या भोकांतून तुमचंच मांस वाढतं आणि सगळं मिळून एक होतं, वेलाला मांडव देतो तसं. ती जाळी बोटांत धरून बराच वेळ चोळत बसली, उजेडात धरून पाहिली, ओढून पाहिली. मग म्हणाली, ठीक शे.

ऑपरेशनच्या आधी रक्त, ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्सरे, भूल देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी. बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. खोकला होता थोडा, तो आधी बरा केला, कारण ऑपरेशननंतर खोकून-खोकून ताण नको. चूल तर वहिनीनं महिनाभर आधीच बंद करून टाकली, पाणी पण गॅसवर.

दीड तास लागला. बाहेर आम्ही सगळे, आबा एका बाकावर भिंतीकडे तोंड करून. मग सर्जननी मला आणि दादाला आत बोलावून रेकॉर्डिंग दाखवलं, आणि ते बघितल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. बेंबीजवळ दहा मिलिमीटरचं एक छिद्र, कॅमेऱ्यासाठी, आणि उजव्या अंगाला पाच-पाच मिलिमीटरची दोन. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात म्हणजे भिंत वर उचलली जाते आणि काम करायला जागा होते, हाच वायू घेतात कारण तो पेट घेत नाही आणि शरीरात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो. पडद्यावर मायचं पोट आतून दिसत होतं. गुलाबी, ओलं, चकचकीत, वर मंडपासारखं छत. आणि त्या छतात डाव्या अंगाला एक काळसर भोक, आणि त्या भोकात पिवळ्या चरबीचा पडदा असा शिरलेला, जसा दाराच्या फटीत पदर अडकतो. आतड्यांवर चरबीचा एक पडदा पांघरलेला असतो तो हा. सर्जननी चिमट्यानं तो हळूहळू ओढला. ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे. मग एकदम सुटून तो बाहेर आला आणि मागे नुसतं भोक राहिलं, गोल, कडा पांढऱ्या. चार वर्षांचं दुखणं एवढंसं होतं. दादा म्हणाला, थांबवा जरा. त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत बसलो.

पुढचं काम शिवणकामासारखं. पोटाच्या आतलं पातळ अस्तर आधी सोडवून बाजूला करतात, भोक आतून टाके घालून बंद करतात, त्यावर जाळी पसरतात, भोक दोन सेंटिमीटरचं पण जाळी पंधरा बाय दहाची, कारण चारही बाजूंनी चांगली पुढे गेलेली हवी, मग ती जागेवर पक्की करतात आणि ते अस्तर पुन्हा वरून ओढून शिवून टाकतात म्हणजे आतड्यांचा जाळीशी संबंध येत नाही आणि ती चिकटत नाहीत. माझ्या मनात येत होतं की ही बाई आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे ठिगळ लावून धड करत आली, आज तिला कुणीतरी इतक्या निगुतीनं ठिगळ लावलं.

संध्याकाळी शुद्धीवर आली, घोट-घोट पाणी दिलं. रात्री नऊच्या सुमारास तिनं सांगितलं की पोट बरं आहे पण उजवा खांदा फार दुखतोय. आबा उठूनच उभे राहिले, हार्टचं असेल म्हणून. सिस्टर धावत आली, बीपी-ईसीजी पाहिलं, आणि मग समजावलं की पोटात भरलेल्या वायूनं छाती-पोटाच्या मधला पडदा चिडतो आणि त्याची नस खांद्याशी जोडलेली असते म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं, एक-दोन दिवसांत जातं, चालत राहा. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र जरा बरी गेली असती. म्हणून तुम्हाला सांगते. पण दुखणं छातीत असेल, दम लागत असेल तर स्वतः ठरवू नका, सिस्टरला बोलवा.

दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालली, तिसऱ्या दिवशी घरी. घरी म्हणजे माझ्याकडे जळगावात, गावाला नाही, कारण गावाला ती झाडू घेतल्याशिवाय राहिली नसती. खोकला आला की उशी पोटावर धरून खोकायचं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, इसबगोल, ताक, पपई. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, आणि इथे खरी अडचण, कारण तिच्या लेखी पाच किलो म्हणजे काहीच नाही. एक भरलेली कळशी आठ-दहा किलोची होते हे मी तिला वजनकाट्यावर ठेवून दाखवलं तेव्हा तिला पटलं. भेटायला येणाऱ्या बायकांनी अशक्तपणा भरून काढायला म्हणून कळण्याची भाकरी आणि भरीत आणलं, तेलाची धार घालून, ते पहिल्या आठवड्यात दिलं नाही, दुसऱ्या आठवड्यात मात्र मीच वाढलं.

एक सांगायचं राहिलं. खर्चाची भीती वाटून ऑपरेशन पुढे ढकलत असाल तर हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं का बघा आणि सरकारी योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का ते आधी विचारा, रेशनकार्ड-आधार बरोबर ठेवा. आणि बाईमाणसाला घेऊन जाणार असाल तर हात जोडून सांगते, तिला तपासणाऱ्याला म्हणा की उभं करून, खोकायला लावून बघा. दुखणं संध्याकाळी असेल तर तपासणीची वेळ संध्याकाळची मागा. आपण मागितली नाही. तीन वेळा सकाळी उपाशीपोटी गेलो आणि तीन वेळा नॉर्मल म्हणून परत आलो, आणि त्या कागदांपुढे तिच्या बोटाला कुणी जुमानलं नाही, मी पण नाही.

तीन महिन्यांनी तपासणीला नेलं. पोटावर तीन बारीक खुणा, मुंगी चावल्यासारख्या. सर्जननी पुन्हा उभं केलं, खोकायला लावलं, हात ठेवला. म्हणाले, आता हळूहळू नेहमीची कामं करा, गोण्या मात्र नाही.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. मी माहेरी गेले. दारात निंबाला झोका बांधलेला, पोरी गाणी म्हणत होत्या, वहिनी खापर तापवून मांडे करायच्या तयारीला लागलेली. पितरांची घागर भरायची होती, दरवर्षी माय भरते. मी पुढे झाले तर तिनं मला हातानं बाजूला केलं आणि छोटी मातीची घागर होती ती स्वतः उचलून पाटावर ठेवली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, कुंकू लावलं. मी तिच्याकडेच बघत होते. न राहवून विचारलं, "माय, दुखस का?"

ती कुंकवाचं बोट पुसत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोठे?"